ॲप तुमच्या फोनवर चालतं, मग गिऱ्हाइकाच्या नव्या फोनवर का बंद पडतं?



‘स्वतःचं ॲप बनवून घ्यायचंय, सुरुवात कुठून करू?’ या व्हिडिओत एक मुद्दा मी दोन मिनिटांत उरकला होता. कॅमेऱ्यासमोर कोडची भाषा सुरू झाली की माणसं व्हिडिओ बंद करतात, हा आपला अनुभव आहे. पण तोच मुद्दा आमच्या ओवे गावातल्या एका पोराला वर्षभर पुरला, म्हणून आज इथे सविस्तर लिहितोय. तुम्हाला कोडिंग येत नसेल तरी वाचा. उलट येत नसेल तर नक्कीच वाचा, कारण पैसे तुमचे जाणार आहेत.

हा पोरगा माझ्या एका बॅचला होता. हुशार, बोलका. ओवे गाव आणि खारघरची नवी सेक्टर्स यांच्यामध्ये जी किराणा, मेडिकल, हार्डवेअरची दुकानं उभी राहिली, त्यांच्यासाठी त्याने २०१८ मध्ये बिलिंगचं एक साधं अँड्रॉइड ॲप करून घेतलं. बिल, उधारी, रोजचा हिशोब, बस्स. कोड एका फ्रीलान्सरने लिहिला. एक दुकान, एक फोन, एक लायसन्स, वर्षाची फी ठरलेली. लायसन्स दुसऱ्या फोनवर चालू नये म्हणून ॲप त्या फोनचा हार्डवेअर सीरियल नंबर वाचायचं आणि त्यालाच लायसन्स बांधायचं. कल्पना चांगली होती. दोन वर्षं गाडी सुरळीत चालली.

मग दुकानदार नवे फोन घ्यायला लागले. एका रात्री साडेनऊला फोन आला, “सर, मेडिकलवाल्या काकांनी नवा फोन घेतला. ॲप म्हणतंय लायसन्स नाही. काउंटरवर गर्दी आहे आणि ते मला शिव्या घालतायत.” त्याने त्या रात्री तिथे जाऊन हाताने लायसन्स जोडून दिलं. पुढच्या महिन्यात आणखी एक फोन बदलला, पण त्या दुकानात काहीच अडचण आली नाही. त्यानंतरच्या दुकानातही नाही. तो खूश. मग एके दिवशी लक्षात आलं, ज्यांनी फी भरलीच नाही त्यांच्याही नव्या फोनवर ॲप मजेत चालतंय.

कारण असं होतं की नव्या फोनवर सीरियल नंबर म्हणून ॲपला रिकामी जागा मिळत होती. काकांचं लायसन्स त्याने ज्या ‘नंबरा’ला जोडलं तो नंबर म्हणजे रिकामी जागा. मग पुढच्या प्रत्येक नव्या फोनची रिकामी जागा काकांच्या रिकाम्या जागेशी जुळत गेली. एका दुकानाच्या लायसन्सवर सगळा बाजार चालला.

फ्रीलान्सरला विचारलं तर तो म्हणाला, “माझ्या फोनवर चालतंय.” खरंच चालत होतं. त्याचा फोन जुना होता.

मेनूकार्ड आणि स्वयंपाकघर

आता हे झालं कसं ते समजून घेऊ.

ॲपला कॅमेरा हवा, ब्लूटूथ हवं, लोकेशन हवं, काहीही हवं तरी ते फोनच्या सिस्टीमकडे मागावं लागतं. मागायचे ठरलेले शब्द असतात, त्यांना एपीआय म्हणतात. एका कामाच्या एपीआयचा एकत्र बांधलेला गठ्ठा म्हणजे फ्रेमवर्क. यातली काही फ्रेमवर्क्स जाहीर असतात. कंपनी त्यांची कागदपत्रं छापते, उदाहरणं देते, आणि बदल करायचा असेल तर आधी सांगते. बाकीची खाजगी. ती सिस्टीमने स्वतःच्या कामासाठी ठेवलेली असतात.

खानावळीचं उदाहरण घ्या. मेनूकार्डवर लिहिलेला पदार्थ द्यायला मालक बांधील आहे. झुणका-भाकर संपली तर तो तसं सांगेल. पण तुम्ही मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरून फळीवरचा तिसरा डबा उघडून लोणचं घेतलंत, तर ते लोणचं आज मिळेल. उद्या मालकाने डबे हलवले, डबा धुऊन पालथा घातला किंवा स्वयंपाकघरच वरच्या मजल्यावर नेलं, तर तुम्ही भांडू शकत नाही. त्याने तुम्हाला तिसऱ्या डब्याचं वचन कधी दिलंच नव्हतं.

आयफोनच्या सिस्टीममध्ये तर दोन वेगळी फोल्डर्सच आहेत. एकाचं नाव ‘फ्रेमवर्क्स’, दुसऱ्याचं ‘प्रायव्हेट फ्रेमवर्क्स’. पाटीच लावलीय म्हणा ना. अँड्रॉइडचं जरा वेगळं आहे. त्याचा कोड खुला आहे, कुणीही वाचू शकतो. गूगलचे प्रोग्रामर ज्या फंक्शनवर ‘हाइड’ अशी खूण करतात, ते फंक्शन बाहेरच्या डेव्हलपरला मिळणाऱ्या किटमधून, म्हणजे एसडीकेमधून, गाळलं जातं. पण प्रत्यक्ष फोनमध्ये ते असतंच. म्हणजे यादीतून नाव खोडलं, माणूस मात्र घरातच बसलाय.

चालत्या ॲपमधून मागचं दार

यादीत नाव नाही म्हटल्यावर डेव्हलपर त्याला हाक कशी मारतो? सरळ मारली तर कंपायलर अडवतो, म्हणतो असं काही नाहीच. म्हणून डेव्हलपर ते नाव साधा मजकूर म्हणून लिहून ठेवतो, जसं आपण चिठ्ठीवर नाव लिहितो. कंपायलरच्या दृष्टीने ती नुसती अक्षरं असतात. ॲप गिऱ्हाइकाच्या फोनवर चालू झालं की मग ते सिस्टीमला विचारतं, “या नावाचं कुणी आहे का?” असेल तर त्याच्याकडून काम करून घेतं. हे सगळं ॲप चालू असताना घडतं, म्हणून याला रनटाइम म्हणतात.

अँड्रॉइडवर या पद्धतीला रिफ्लेक्शन म्हणतात. कोडमध्ये तुम्हाला ‘क्लास.फॉरनेम’, ‘गेट-डिक्लेअर्ड-मेथड’, ‘सेट-ॲक्सेसिबल’, ‘इन्व्होक’ असे शब्द दिसतील. आधी क्लास शोधा, मग त्यातलं फंक्शन शोधा, कुलूप काढा, चालवा. आयफोनवर ‘डीएल-ओपन’ला फ्रेमवर्कचा पत्ता देतात, ते फ्रेमवर्क मेमरीत चढतं. मग ‘एनएस-क्लास-फ्रॉम-स्ट्रिंग’ने नावावरून क्लास मिळवायचा आणि ‘परफॉर्म-सिलेक्टर’ने त्याला काम सांगायचं. दोन्हीकडे मिळून चार-पाच ओळींचा खेळ. इंटरनेटवर तयार सापडतो, म्हणूनच घाईतला माणूस तो उचलतो.

एक गैरसमज आत्ताच काढून टाकतो, नाहीतर उद्या तुमच्या डेव्हलपरशी उगाच भांडाल. रिफ्लेक्शन वाईट नाही. ‘परफॉर्म-सिलेक्टर’ही वाईट नाही. स्वतःच्या ॲपमधल्या क्लासवर किंवा जाहीर एपीआयवर ही साधनं रोज वापरली जातात. कितीतरी नामांकित लायब्ररी त्यावरच उभ्या आहेत. प्रश्न आहे तो चिठ्ठीवर नाव कुणाचं आहे याचा.

आपल्या पोराच्या ॲपमध्ये चिठ्ठीवर नाव होतं ‘सिस्टीम-प्रॉपर्टीज’ या अँड्रॉइडच्या पोटातल्या क्लासचं. त्याच्याकडून सीरियल नंबर वाचला जायचा. अँड्रॉइड १० मध्ये, म्हणजे २०१९ ला, गूगलने ठरवलं की आयएमईआय आणि हार्डवेअर सीरियल यांसारखे कधीच न बदलणारे नंबर साध्या ॲपला द्यायचे नाहीत. कारण सरळ होतं. या नंबरांवरून माणसाचा माग काढता येतो. ॲप मागच्या दाराने आत शिरत होतं, डबाही उघडत होतं, पण आता डबा रिकामा होता. ॲप क्रॅश झालं असतं तरी बरं झालं असतं, लगेच कळलं असतं. हे मुकाट्याने चुकत राहिलं.

हे एकदाच घडलेलं नाही

अँड्रॉइडचा इतिहास बघितला तर ही गोष्ट दर दोन-तीन वर्षांनी नव्याने घडते. एकेकाळी मोबाइल डेटा चालू-बंद करणारी बटणांची ॲप्स होती. ती ‘सेट-मोबाइल-डेटा-एनेबल्ड’ नावाच्या छुप्या फंक्शनवर चालायची. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये तो रस्ता बंद झाला. मग फाइल शेअर करणाऱ्या ॲप्सचा जमाना आला. दोन फोन जोडायला ती छुप्या फंक्शनने स्वतःच हॉटस्पॉट चालू करायची. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये तेही गेलं. पण इथे एक चांगली गोष्ट झाली. त्याच आवृत्तीत गूगलने ‘लोकल-ओन्ली हॉटस्पॉट’ नावाचं जाहीर दार उघडून दिलं. ज्यांनी बदल वेळेत केला ते टिकले.

२०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये सी आणि सी++ मध्ये लिहिलेल्या ॲप्सना सिस्टीमच्या खाजगी लायब्ररी जोडून घ्यायला अटकाव सुरू झाला होता. मोठा फटका मात्र २०१८ च्या अँड्रॉइड ९ ने दिला. तोवर छुपं फंक्शन चाललं तर चाललं असा कारभार होता. अँड्रॉइड ९ ने याद्या केल्या. काही फंक्शन्स पूर्ण बंद. काही ‘आधार नाही, सध्या चालू देतो, पण कधीही काढू’ अशी. आणि काही सशर्त बंद. ही तिसरी यादी धंद्यातल्या माणसाने नीट समजून घ्यायला हवी.

प्रत्येक अँड्रॉइड ॲप आपण कोणत्या आवृत्तीसाठी बनवलोय हे सिस्टीमला सांगतं. त्याला टार्गेट म्हणतात. सशर्त यादीतलं फंक्शन जुन्या टार्गेटच्या ॲपला चालतं, टार्गेट वाढवलं की मिळत नाही. मग टार्गेट वाढवायचंच नाही? तसं प्ले स्टोअर चालू देत नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवं ॲप किंवा अपडेट टाकायचं तर टार्गेट किमान अँड्रॉइड १५ हवं, आणि ही रेषा दरवर्षी पुढे सरकते. म्हणजे तुम्ही जीएसटीचा एक दर बदलायला छोटं अपडेट काढायला जाता, टार्गेट वाढवावं लागतं, आणि ज्याला हातही लावला नव्हता तो भाग बंद पडतो. सिस्टीम सांगते, असं फंक्शन सापडलंच नाही. डेव्हलपर म्हणतो, “मी तिकडे काहीच केलं नाही.” तोही खरंच बोलत असतो!

पळवाटा निघाल्या नाहीत असं नाही. रिफ्लेक्शनवरच रिफ्लेक्शन करायची एक युक्ती अँड्रॉइड ९ आणि १० मध्ये चालायची. अँड्रॉइड ११ ने नव्या टार्गेटच्या ॲप्ससाठी ती बंद केली. शिवाय टेस्टिंगच्या फोनवर कॉम्प्युटर जोडून एका कमांडने ही सगळी बंदी उठवता येते. ती सोय डेव्हलपरसाठी गूगलनेच ठेवलीय. डेमो अशाच फोनवर दाखवला गेला तर सगळं झकास दिसणार. तुमच्या गिऱ्हाइकाच्या फोनवर ती कमांड कोण देणार? म्हणून डेमो नेहमी स्वतःच्या, दुकानातून आणलेल्या साध्या फोनवर बघा.

आयफोनकडे: दार उघडतं, पण कोठीची किल्ली मालकाच्या कमरेला

आयफोनवर दोन अडथळे आहेत. पहिला तांत्रिक. खाजगी फ्रेमवर्क मेमरीत चढवलं म्हणजे काम झालं असं नाही. पुष्कळदा ते फ्रेमवर्क स्वतः काहीच करत नाही. ते मागे चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या सेवेला निरोप देतं. ती सेवा निरोप आणणाऱ्या ॲपचा परवाना तपासते. या परवान्याला एंटायटलमेंट म्हणतात. तो ॲपच्या डिजिटल सहीत असतो आणि आतल्या गोटातले परवाने ॲपल बाहेरच्या डेव्हलपरला देत नाही. मग हाक पोहोचते, उत्तर मिळत नाही. नव्या डेव्हलपरचे आठ-आठ दिवस यात जातात, “लोड तर होतंय, मग चालत का नाही?”

दुसरा अडथळा नियमाचा. ॲप स्टोअरच्या नियमावलीत २.५.१ क्रमांकाचं कलम आहे. ॲपने फक्त जाहीर एपीआय वापरायचे. तपासणीत सापडलं की ॲप नाकारतात. मार्च २०१७ मध्ये ॲपलने अनेक डेव्हलपर्सना इशारे पाठवले. त्यात ‘डीएल-ओपन’, ‘परफॉर्म-सिलेक्टर’ यांची नावं घेऊन म्हटलं होतं की तपासणी झाल्यावर बाहेरून कोड आणून ॲपचं वागणं बदलायची सोय यात आहे, ती काढा. त्यात बरेच जण असे होते ज्यांनी स्वतः काही लिहिलं नव्हतं, तयार लायब्ररी वापरली होती.

आणि आता या लेखातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा किस्सा. ऑक्टोबर २०१५. सोर्सडीएनए नावाच्या कंपनीने ॲप स्टोअरवरची ॲप्स उलगडून तपासली. त्यांना २५६ ॲप्स सापडली, एकूण अंदाजे १० लाख डाउनलोड्सची. ही ॲप्स खाजगी एपीआय वापरून माहिती गोळा करत होती. फोनमध्ये आणखी कोणती ॲप्स आहेत, ॲपल आयडीचा ईमेल काय, सीरियल नंबर काय. आयओएस ८ ने मुख्य सीरियल नंबर बंद केला होता, तर यांनी बॅटरीसारख्या आतल्या भागांचे सीरियल नंबर वाचायला सुरुवात केली. आपल्या पोराच्या ॲपची आठवण झाली ना? फक्त इथे हेतू वेगळा होता.

या २५६ ॲप्सच्या मालकांनी काय गुन्हा केला होता? बहुतेकांनी काहीच नाही. त्यांनी ॲपमध्ये जाहिराती दाखवून चार पैसे मिळावेत म्हणून यूमी नावाच्या चिनी जाहिरात कंपनीचं तयार एसडीके जोडलं होतं. ते बंद डब्यात यायचं. आतला कोड दिसायचा नाही, आणि खाजगी फंक्शनची नावंही आत झाकून ठेवलेली. माहिती थेट यूमीच्या सर्व्हरवर जायची. ॲपलने ती ॲप्स काढून टाकली आणि ते एसडीके असलेलं नवं ॲप नाकारू असं जाहीर केलं. ॲप उतरलं मालकाचं, नाव खराब झालं मालकाचं.

आपल्याकडे आता डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, २०२३ आहे. माहिती गोळा करण्याचा हेतू आणि पद्धत ठरवणाऱ्याची जबाबदारी त्यात मोठी आहे, आणि त्याच्या वतीने दुसऱ्याने काम केलं तरी ती सुटत नाही. गंभीर चुकीला दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुमच्या-माझ्यासारख्याला कुणी २५० कोटी मागायला येणार नाही, घाबरू नका. पण ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर पुरेल असंही समजू नका.

चांगल्या हेतूचंही एक उदाहरण सांगतो, नाहीतर वाटेल खाजगी फ्रेमवर्क वापरणारे सगळे लबाडच. एफ.लक्स नावाचं ॲप रात्री स्क्रीनचा निळसर उजेड कमी करायचं. आयफोनवर जाहीर एपीआयने ते जमत नव्हतं. म्हणून २०१५ च्या शेवटी त्यांनी ॲप स्टोअरच्या बाहेरून ते द्यायला सुरुवात केली. ॲपलने हे करारात बसत नाही म्हणून थांबवायला सांगितलं, त्यांनी थांबवलं. मार्च २०१६ मध्ये आयओएस ९.३ आलं आणि त्यात ॲपलचंच ‘नाइट शिफ्ट’ होतं. मला विचाराल तर हे मला आवडलं नाही. पण स्वयंपाकघर त्यांचं आहे आणि भाडं आपण भरतो. ॲपलला वर्षाला ९९ डॉलर, प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर.

मग पैसे देण्याआधी काय विचारायचं?

डेव्हलपरला पहिला प्रश्न, “या ॲपमध्ये सिस्टीमचं कुठलं खाजगी फंक्शन रिफ्लेक्शनने वापरलंय का?” एवढंच विचारा आणि त्याचा चेहरा बघा. चांगला डेव्हलपर म्हणेल, “एका ठिकाणी वापरलंय, कारण हे आहे, आणि नाही मिळालं तर पर्याय हा आहे.” हे उत्तर मला ‘अजिबात नाही’पेक्षा जास्त पटतं. ब्लूटूथ प्रिंटरचंच बघा. दुकानातल्या छोट्या थर्मल प्रिंटरला जोडताना जाहीर पद्धत कधीकधी रुसते. मग डेव्हलपर ‘क्रिएट-आरएफकॉम-सॉकेट’ नावाचं छुपं फंक्शन वापरतात. ही युक्ती वर्षानुवर्षं इतकी फिरलीय की लोकांना ती जाहीरच वाटते. खरं तर जोडणी करण्याआधी ब्लूटूथचा शोध थांबवला किंवा असुरक्षित जोडणीची जाहीर पद्धत वापरून पाहिली तरी पुष्कळदा काम होतं. आधी ते करा. प्रिंटरची जोडी तोडण्याचं फंक्शनही असंच छुपं होतं. सरळ मार्ग म्हणजे गिऱ्हाइकाला ब्लूटूथच्या सेटिंग्जच्या पानावर नेऊन सोडणं, तिथे तो स्वतः ‘अनपेअर’ दाबेल. २०२५ च्या अँड्रॉइड १६ मध्ये मात्र ठरावीक पद्धतीने जोडलेल्या उपकरणांसाठी जोडी तोडायचं जाहीर फंक्शन आलं. कधीकधी वाट पाहिली की दार उघडतं!

तोंडी उत्तरावर थांबू नका. तपासणीची साधनं फुकट आहेत. अँड्रॉइड स्टुडिओची लिंट तपासणी खाजगी एपीआयच्या ओळींखाली इशारा दाखवते. त्याचा रिपोर्ट मागा. गूगलचं वेरिडेक्स नावाचं साधन तयार एपीके तपासतं, त्यात जोडलेली दुसऱ्यांची एसडीकेही येतात. पण रिफ्लेक्शनचे सगळे प्रकार त्याला सापडत नाहीत. म्हणून ॲप चालू असताना पकडण्यासाठी ‘स्ट्रिक्ट-मोड’मध्ये ‘डिटेक्ट-नॉन-एसडीके’ हा पर्याय डेव्हलपरला चालू करायला सांगा. प्ले कन्सोलवर ॲप चढवलं की प्री-लाँच रिपोर्ट येतो, त्यातही अशा वापराचा उल्लेख असतो. तो रिपोर्ट मालकाने स्वतः उघडून वाचावा. आणि कन्सोलचं खातं तुमच्या नावावर असावं, डेव्हलपरच्या नाही, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो.

करारात दोन वाक्यं घाला. जोडलेल्या प्रत्येक एसडीकेची यादी, ते कशासाठी आणि कोणती माहिती नेतं यासह, सोर्स कोडसोबत द्यावी. आणि खाजगी एपीआयमुळे ॲप बंद पडलं किंवा नाकारलं गेलं तर ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती विनाशुल्क. दुसऱ्या वाक्यावर डेव्हलपर कुरकुर करेल. करू दे. मात्र दर वर्षी टार्गेट वाढवून देण्याचं काम फुकट मागू नका. ते खरं काम आहे, त्याचा वार्षिक देखभालीचा दर वेगळा ठरवा.

पैशात मांडतो. समजा ६० दुकानं आहेत आणि दुकानामागे वर्षाला २,५०० रुपये. म्हणजे दीड लाख. यातली १५ दुकानं वैतागून सोडून गेली तर ३७,५०० रुपये गेले, तेही दरवर्षी. आणि जी मुळात नीट पद्धत होती, तिचा खर्च समजा १५ हजार, तोही एकदाच. फ्रीलान्सरने चार ओळींत वाचवलेले ते हे पैसे.

एक प्रश्न हमखास येतो, “सर, ॲप स्टोअरवर टाकायचंच नसेल, फक्त आमच्या कारखान्यातल्या टॅबवर वापरायचं असेल तर?” तळोजा एमआयडीसीतल्या मंडळींचा हा खरा प्रश्न आहे. टॅब कामगाराच्या हातात द्यायचा, पण त्याने युट्यूब उघडू नये. तपासणीचा अडथळा तिथे नाही, हे बरोबर. पण अँड्रॉइडच्या याद्या तिथेही लागू आहेत, आणि टॅबचं अपडेट रात्रीत येतं. त्यात वरची पट्टी लपवायला खाजगी फंक्शनच्या मागे लागायची गरजही नाही. अँड्रॉइड ५ पासून जाहीर सोय आहे, टॅबवर ॲपला ‘डिव्हाइस ओनर’ करायचं आणि ‘लॉक टास्क’ लावायचं. टॅब एकाच ॲपला बांधला जातो. शिकण्यासाठी, घरच्या फोनवर प्रयोग म्हणून मात्र खाजगी फ्रेमवर्क जरूर उघडून बघा. सिस्टीम आतून कशी चालते ते त्याशिवाय कळत नाही. फक्त तो कोड गिऱ्हाइकाच्या एपीकेमध्ये जाऊ देऊ नका.

आता आमच्या पोराचं काय झालं ते सांगतो. त्याने सीरियल नंबरची भानगडच काढून टाकली. ‘अँड्रॉइड आयडी’ नावाचा जाहीर नंबर मिळतो, पण फोन फॅक्टरी रिसेट केला की तो बदलतो. म्हणून लायसन्स त्याने फोनला बांधलंच नाही, दुकानदाराच्या मोबाइल नंबरला बांधलं. ओटीपी टाकून लॉगिन, आणि एका वेळी एकच फोन चालू, हे सर्व्हरवर तपासायचं. ओटीपीचे एसएमएस पाठवायला डीएलटीवर नोंदणी करावी लागली, टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागलं, त्यात काही आठवडे गेले. तोवर तो रोज संध्याकाळी वही घेऊन दुकानं फिरत होता, कुणाचा फोन जुना, कुणाचा नवा, कुणाची फी आली, कुणाची नाही.

मेडिकलवाल्या काकांनी नव्या ॲपवर लॉगिन केलं, बिल काढलं आणि विचारलं, “आता पुढच्या दिवाळीला फोन बदलला तर चालेल ना रे?” तो म्हणाला, “काका, तुमचा नंबर बदलू नका, फोन कितीही बदला.”